अरबी समुद्राची ऊब माणदेशात कशी पोहोचते?

जुलैच्या एखाद्या दिवशी महाबळेश्वरात तापमान साधारण 18 अंशांवर असतं. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, भिंतींना ओल आलेली असते, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. त्याच दुपारी, त्याच सातारा जिल्ह्यात, सव्वाशे किलोमीटरच्या आत, माणदेशातल्या म्हसवडला नुसतं वारं सुटलेलं असतं. डोक्यावरून ढग पळतात, पण थांबत नाहीत. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माण तालुक्यात पाचशेचा आकडा गाठला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. वारा मात्र दोन्हीकडे एकच आहे, पश्चिमेकडून आलेला.

या वाटेत त्या वाऱ्याचं नेमकं काय होतं, हे नीट समजलं की पृथ्वीवर उष्णता कशी फिरते याचा मोठा भाग समजतो. शाळेत आपण हे सगळं शिकलेलो असतो, पण तुकड्या-तुकड्यांनी. अप्रकट उष्मा विज्ञानाच्या पुस्तकात येतो, पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा पट्टा, भूगोलाच्या, आणि परीक्षेनंतर दोघांची गाठ कधी पडत नाही. मला वाटतं, सातारा-सांगलीत राहणाऱ्याला ती गाठ घालून देणं सोपं आहे, कारण इथं सगळे पुरावे एका दिवसाच्या प्रवासात बघायला मिळतात.

हवा तापते खालून

सूर्यप्रकाशाचा बराचसा भाग हवेतून तिला फारसं न तापवता खाली येतो आणि जमिनीत व पाण्यात मुरतो. तापलेली जमीन मग तिला लागून असलेल्या हवेला तापवते. म्हणून ऊन साडेबाराच्या सुमाराला सर्वांत कडक असलं, तरी दिवसाचं कमाल तापमान दुपारी अडीच-तीनच्या दरम्यान येतं. जमिनीला तापायला आणि तिनं हवेला तापवायला तेवढा वेळ लागतो.

हवा तापली की पसरते. 20 अंशांची हवा 40 अंशांपर्यंत तापली, तर तेवढ्याच वजनाच्या हवेला सुमारे 7 टक्के जास्त जागा लागते. म्हणजे समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा 20 अंशांना 1,200 ग्रॅम भरत असेल, तर 40 अंशांना ती 1,130 ग्रॅमच्या आसपास भरते. हवेला वजन असतं हे पटायला जड जातं, पण दहा बाय बारा फुटांच्या खोलीत पस्तीस-चाळीस किलो हवा असते. त्यामुळे घनमीटरमागे सत्तर ग्रॅमचा फरक क्षुल्लक नाही. हलकी झालेली हवा वर सरकते, तिच्या जागी बाजूची गार हवा येते, तीही तापते आणि वर जाते. पाठ्यपुस्तकात याला अभिसरण म्हणतात.

कराड-शिराळ्याकडच्या गुऱ्हाळावर हे अभिसरण डोळ्यांनी दिसतं. चुलवाणाचा जाळ काहिलीच्या, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईच्या, ज्या भागाखाली जास्त लागतो, तिथं रस खालून उसळून वर येतो, फेस घेऊन कडेकडे सरकतो आणि कडेला थोडा निवून पुन्हा खाली बुडतो. कुणी न ढवळता रस फिरत राहतो. गुळव्या मळी काढतो तीही बहुतेक कडेनं, कारण प्रवाहानं ती तिथंच आणून सोडलेली असते. वातावरणही असंच खालून तापतं, फक्त त्याची काहील पृथ्वीएवढी आहे आणि जाळ सगळीकडे सारखा लागत नाही.

हवेतला हा वर जाणारा प्रवाह बघायचा असेल तर एप्रिलच्या दुपारी अजिंक्यताऱ्याकडे मान वर करून बघा. घार पंख न हलवता गोल गोल फिरत उंच उंच जाते. तापलेल्या कातळावरून उठणाऱ्या हवेच्या स्तंभात ती असते आणि त्यातून बाहेर पडू नये म्हणून गोल फिरते. पाचगणीला पॅराग्लायडिंग करणारे अशाच प्रवाहांचा शोध घेत असतात.

दिवसा डोंगरउतार तापल्यामुळे दरीतून वर वाहणारे दरीय वारे, रात्री उतार निवल्यामुळे खाली घरंगळणारे पर्वतीय वारे, किनाऱ्यावरचे खारे आणि मतलई वारे, हे सगळे याच तत्त्वावर चालतात. किनाऱ्यावरच्या वाऱ्यांत एक गोष्ट जास्तीची असते. एक ग्रॅम पाणी एका अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण पाचव्या भागात एक ग्रॅम कोरडी माती तेवढीच तापते. शिवाय पाण्यातली उष्णता लाटांनी खोलवर मिसळत जाते, जमिनीत ती वरच्या थरातच राहते. म्हणून जमीन झटकन तापते आणि झटकन निवते. समुद्र दोन्ही गोष्टी सावकाश करतो. हा फरक पुढे मोसमी वाऱ्यांसाठी लागणार आहे.

वर चढली की गार का होते

'गरम हवा वर जाते, मग महाबळेश्वर गार कसं?' हा प्रश्न लहान मुलं विचारतात आणि मोठी माणसं बहुतेक वेळा टाळतात. प्रश्न अगदी रास्त आहे.

हवेचा दाब म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन. समुद्रसपाटीला तो सरासरी 1,013 हेक्टोपास्कल असतो. साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात तो 860 च्या आसपास उतरतो, कारण तिथं डोक्यावर हवाच कमी उरलेली असते. खालून वर निघालेल्या हवेवरचा दाब असा कमी होत जातो, त्यामुळे ती फुगते. फुगताना तिला भोवतालच्या हवेला बाजूला ढकलावं लागतं आणि त्याला लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या उष्णतेतून खर्च करते. बाहेरून कुणी थंड न करताच ती थंड होते. सायकलच्या पंपानं हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ते याच्या उलट कारणानं: हवा दाबली की तापते, सैल सोडली की निवते.

या निवण्याचा दर ठरलेला आहे. ढग न बनता वर चढणारी हवा दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी गार होते आणि खाली उतरणारी हवा त्याच दरानं तापते. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा. माणदेशातल्या कोरड्या वाऱ्याचा निम्मा उलगडा त्यात आहे. उरलेला निम्मा पाण्यात आहे.

बेदाण्याच्या शेडमध्ये

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व या भागात रस्त्यानं जाताना बेदाण्याच्या शेडच्या रांगा दिसतात. बाजू मोकळ्या, वर छप्पर, कडेला सावलीची हिरवी जाळी आणि आत एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं. द्राक्षं आधी डिपिंगच्या द्रावणातून काढलेली असतात, म्हणजे सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. मग पंधरा दिवसांच्या आसपास सगळं काम वाऱ्याचं.

साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे एक टन बेदाण्यामागे तीन हजार लिटर पाणी हवेत उडून जातं. पाण्याची वाफ करणं हे भारी खर्चाचं काम आहे. एक ग्रॅम पाणी 0 पासून 100 अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी लागतात, आणि त्याच उकळत्या पाण्याची, तापमान अंशभरही न वाढता, वाफ व्हायला आणखी 540. साध्या हवेत न उकळता वाळणाऱ्या पाण्याला तर याहून थोडी जास्तच लागते. या हिशेबानं एक टन बेदाणा सुकवायला सुमारे 2,000 युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते. ती शेडमधून वाहणारी तापलेली हवा देते, आणि देताना स्वतः निवते. शेडमध्ये उभं राहिलं की बाहेरच्यापेक्षा गार वाटतं, त्यात सावलीचा वाटा आहेच, पण या बाष्पीभवनाचाही आहे.

ही उष्णता जाते कुठं? नाहीशी होत नाही. ती वाफेत दडून बसते. तापमापकाला ती दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. ती वाफ कुठंही, कितीही दूर, कितीही दिवसांनी पुन्हा पाणी झाली की दडलेली उष्णता जशीच्या तशी परत मिळते. या लेखात मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच: उष्णतेला पृथ्वीवर हिंडायला जी वाहनं मिळाली आहेत, त्यांत पाण्याच्या वाफेइतकं जबरदस्त वाहन हवेत दुसरं नाही.

हवेत किती वाफ मावते हे तापमानावर ठरतं. 20 अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅम वाफ राहू शकते, 30 अंशांना 30 ग्रॅम, 40 अंशांना 51 ग्रॅम. तासगावला मार्चच्या दुपारी 37 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेत प्रत्येक घनमीटरमागे आणखी पस्तीस ग्रॅम पाणी सामावायला जागा असते. बेदाण्याला हवी असते ती ही रिकामी जागा. आभाळ आलं, हवा दमट झाली की जागा भरते, सुकणं थांबतं आणि बेदाणा काळा पडायला लागतो. मार्च महिन्यात बागायतदार मोबाइलवर हवामानाचा अंदाज उघडून बसलेले असतात, ते याच भीतीनं.

एक गैरसमज इथं दूर करायला हवा. दमट हवा जड असते असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ती हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन 18, तर हवेतल्या नायट्रोजनचं 28 आणि ऑक्सिजनचं 32. जड रेणूंच्या जागी हलके रेणू आले की हवा हलकी होते. घामट, कोंदट दुपारी हवा अंगावर बसल्यासारखी वाटते, कारण घाम वाळत नाही. वजनाचा तिथं संबंध नाही.

वळवाचा पाऊस आता सहज कळेल. एप्रिल-मेमध्ये जमीन रणरणलेली असते. कुठून तरी, बहुधा बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्रावरून, ओलसर हवा आली की तापलेली, दमट, म्हणून दुप्पट कारणांनी हलकी झालेली हवा दुपारी वर उसळते. एका उंचीवर ती एवढी गार होते की वाफ पेलवेनाशी होते आणि ढग बनू लागतो. एरवी हवा वर जाताना निवून थांबली असती. पण ढग बनताना दडलेली उष्णता सुटते, हवा पुन्हा भोवतालापेक्षा गरम राहते आणि आणखी वर जाते. वाफच इंधन पुरवते. असा ढग बारा-चौदा किलोमीटरपर्यंत चढतो. पाच किलोमीटरच्या आसपास शून्य अंशाची पातळी असते, तिच्या वर थेंब गोठतात, जोरदार प्रवाह त्यांना वरच तोलून धरतो, त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात आणि वजन झेपेनासं झालं की गारा पडतात. चाळीस अंशांच्या दुपारी आटपाडी-जतच्या रानात बर्फ पडतो, त्यात आश्चर्य काही नाही. उकाडा नसता तर तो ढग तेवढा उंच गेलाच नसता.

पृथ्वीएवढी काहील

विषुववृत्ताच्या आसपास सूर्यकिरणं जवळजवळ सरळ पडतात, ध्रुवांकडे तिरपी. साताऱ्याचं अक्षांश साडेसतराच्या थोडं पुढे, सांगलीचं सतराच्या जरा अलीकडे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: एकदा मे महिन्याच्या पूर्वार्धात आणि एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला. मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस मुलं काठी रोवून बघतात. ऑगस्टमधला ढगांआड जातो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण पट्ट्यात वर्षभरात जेवढी उष्णता येते, तेवढी तिथून अवकाशात परत जात नाही. ध्रुवांकडे उलट असतं. ही शिल्लक तिकडे पोहोचवायचं काम वारे आणि समुद्रप्रवाह मिळून करतात, आणि त्यात हवेचा वाटा मोठा आहे.

1686 मध्ये एडमंड हॅली यांनी व्यापारी आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढला आणि त्यामागे सूर्याची उष्णता आहे असं मांडलं. धूमकेतूमुळे ज्यांचं नाव घराघरात पोहोचलं तेच हे हॅली. 1735 मध्ये जॉर्ज हॅडली यांनी पुढचं पाऊल टाकलं: विषुववृत्तावर हवा वर जाते, वरच्या वर उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सरकते, खाली उतरते आणि जमिनीलगत पुन्हा विषुववृत्ताकडे येते, आणि फिरणाऱ्या पृथ्वीमुळे ती येताना तिरपी होते.

हे तिरपं होणं थोडं सविस्तर बघू. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावरची जमीन आणि तिच्याबरोबरची हवा ताशी 1,670 किलोमीटरनं पूर्वेकडे जात असते. साताऱ्याच्या अक्षांशावर वर्तुळ लहान असल्यामुळे जमिनीचा वेग ताशी 1,590 च्या आसपास पडतो, आणि 30 अंशांवर 1,450 च्याही खाली. विषुववृत्तावरून उत्तरेला निघालेली हवा आपला मूळचा वेग बरोबर घेऊन येते, म्हणून खालच्या जमिनीच्या पुढे जाते, म्हणजे उजवीकडे वळलेली दिसते. दक्षिण गोलार्धात ती डावीकडे वळते. कोरिऑलिस यांनी 1835 मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून त्यांचं नाव या परिणामाला मिळालं. हे वळणं नसतं तर हवा थेट ध्रुवापर्यंत गेली असती. प्रत्यक्षात वरून जाणारी हवा 30 अंशांच्या आसपास जवळजवळ पूर्वेकडेच वाहू लागते आणि तिच्यातला मोठा भाग तिथं खाली उतरतो.

उतरणारी हवा तापते, किलोमीटरला दहा अंश. तापली की तिच्यात वाफेसाठी रिकामी जागा वाढते, ढग विरतात. सहारा, अरबस्तान, थर ही वाळवंटं याच उतरत्या हवेच्या पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला आहेत. यापलीकडे मध्य अक्षांशांत पश्चिमी वारे आणि वादळं उष्णता पुढे नेतात. तो स्वतंत्र विषय आहे, आपण इथून मागे फिरू.

जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे आलेला असतो. सिंध-राजस्थानकडची जमीन तापून तिथं कमी दाबाचं क्षेत्र झालेलं असतं. साडेचार हजार मीटर सरासरी उंचीचं तिबेटचं पठारही तापतं आणि थेट उंचावरच्या हवेला उष्णता देतं. समुद्र मात्र अजून तेवढा तापलेला नसतो. वर सांगितलेला जमीन-पाण्याचा फरक इथं कामाला येतो. दक्षिण हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, जास्त दाबाच्या क्षेत्रातून वारे निघतात, वायव्येकडे येतात, विषुववृत्त ओलांडतात आणि उजवीकडे वळून नैऋत्येकडून आपल्याकडे येतात. आफ्रिकेच्या पूर्वेकडचे डोंगर त्यांना अडवून आणखी वळवतात, आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत हा प्रवाह जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीपर्यंत चांगलाच जोर धरतो. हजारो किलोमीटर समुद्रावरून येताना वारा एकच काम करत असतो: पाणी उचलणं. दक्षिणेकडच्या समुद्रावर पडलेलं ऊन, वाफेच्या रूपानं, कोकणच्या किनाऱ्याला येऊन लागतं.

घाट चढताना, घाट उतरताना

आता हिशेब करू. ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. पोलादपूरच्या बाजूला पायथ्याशी 27 अंशांची, ओलीचिंब हवा आहे असं धरा. मागून येणाऱ्या वाऱ्याच्या रेट्यानं तिला सह्याद्री चढावाच लागतो. पहिले पाचशे मीटर ती दहाच्या दरानं निवते: 22 अंश. तिथं ढग बनू लागतात. ढग बनताना अप्रकट उष्मा सुटतो, म्हणून पुढे ती किलोमीटरला दहाऐवजी साधारण पाच अंशांनीच निवते. साडेतेराशे मीटरवर महाबळेश्वरला पोहोचते तेव्हा 18 अंश. वाटेत तिच्यातलं बरंच पाणी पाऊस होऊन घाटमाथ्यावर उतरलेलं असतं.

माथा ओलांडून तीच हवा पूर्वेला उतरते. ढग विरले की तापण्याचा दर पुन्हा दहाचा. वाईच्या उंचीवर, म्हणजे सातशे मीटरच्या आसपास, ती 24 अंशांपर्यंत येते. आणि चढताना याच सातशे मीटरवर ती किती होती? 21. एकाच उंचीवर, एकच हवा, जाताना 21 आणि येताना 24. मधल्या तीन अंशांची उष्णता घाटमाथ्यावर पडलेल्या पावसानं दिली. तो पाऊस ज्या वाफेपासून झाला, ती वाफ अरबी समुद्राच्या आणि त्याच्याही पलीकडच्या उन्हानं केली होती. समुद्रानं दिलेली ऊब माणदेशाकडे निघालेल्या वाऱ्यात उतरते ती अशी.

आर्द्रतेचं बघा. महाबळेश्वरला ही हवा पूर्ण भरलेली होती, शंभर टक्के. 24 अंशांना तीच वाफ जेमतेम सत्तर टक्के जागा भरते. पुढे पाचशे मीटरच्या आसपासच्या पठारावर, वरून थोडं ऊन मिळालं की आणखी कमी. म्हणून वाईत भुरभुर, कोरेगावात चार थेंब आणि दहिवडी-म्हसवडला नुसता वारा. माणमध्ये पाऊस का नाही, तर डोंगर ढग अडवतो, असं सांगतात. ते खरं आहे, पण अर्धं. अडवून झाल्यावर उरलेली हवा उतरताना तापते आणि कोरडी होते, हा दुसरा अर्धा भाग सांगायचा राहून जातो. सहाराचा कोरडेपणा आणि माण-खटावचा कोरडेपणा आकारानं फार वेगळे आहेत, पण दोन्हीत हवा खाली उतरते आहे.

घाटमाथ्यावर सुटणारी ही उष्णता किती असेल? एक मिलिमीटर पाऊस एक गुंठ्यावर पडला तर शंभरेक लिटर पाणी होतं. तेवढं पाणी ढगात बनताना सुमारे 69 युनिट विजेएवढी उष्णता वर हवेत सोडून आलेलं असतं. आता कोयना घ्या. धरणाची साठवण क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). एवढ्या पाण्याच्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते, ती निर्माण करायला कोयनेचा 1,960 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प पूर्ण क्षमतेनं, रात्रंदिवस, शंभराहून अधिक वर्षं चालवावा लागेल; हिशेब 118 वर्षांच्या आसपास येतो. हे फक्त एका धरणाचं पाणी. हा आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा शून्यं चुकली असतील म्हणून पुन्हा तपासला होता.

22 आणि 23 जुलै 2021 दरम्यान महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पाटण तालुक्यात त्या पावसात दरडी कोसळल्या, माणसं गेली, आणि खाली सांगलीत कृष्णेला पूर आला. हवेच्या बाजूनं पाहिलं तर त्या दिवशी महाबळेश्वरच्या प्रत्येक चौरस मीटरवर सरासरी जवळजवळ 17 किलोवॉट दरानं उष्णता सुटत होती. भर दुपारचं कडक ऊन चौरस मीटरला एक किलोवॉटच्या आसपास असतं. म्हणजे सतरा दुपारची उन्हं एकावर एक, तीही रात्रभर. ही उष्णता एका जागची असूच शकत नाही. समुद्रावरून दिवसाला साधारण चार-पाच मिलिमीटर पाणी उडतं. तेव्हा महाबळेश्वरावर त्या दिवशी पडलेलं पाणी त्याच्या शंभरपटीहून मोठ्या समुद्राची दिवसभराची कमाई होती.

चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात फिरतात, त्याही याच उष्णतेवर. ढगात उष्णता सुटते, हवा वर उठते, खालची जागा भरायला समुद्रावरून आणखी वारा ओढला जातो. वर गेलेली हवा उंचावरून दक्षिणेकडे परत जाते आणि मादागास्करच्या पूर्वेकडे खाली उतरते. तिथून पुन्हा निघते.

उष्णता शेवटी जाते कुठं

फिरून फिरून उष्णता पृथ्वीवरून बाहेर पडते ती एकाच वाटेनं, अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपानं अवकाशात. याला प्रारण म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत हे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी दिसतं. आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला. जमीन, गवत, गाड्यांचे टप, स्ट्रॉबेरीची पानं रात्रभर उष्णता बाहेर टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. उतारावर निवलेली जड हवा तलावाच्या खोलगट भागात येऊन साचते. पहाटे तिथं दव गोठून हिमकण होतात, आणि त्याच वेळी वर गावात तापमापक शून्याच्या बराच वर असतो. आकाशात ढग असले की हे होत नाही, कारण ढग आणि हवेतली वाफ ही अवरक्त किरणं शोषतात आणि त्यांतली काही पुन्हा खाली पाठवतात.

कार्बन डायऑक्साइडही हेच करतो, ढगाळ रात्र असो की निरभ्र. उद्योगयुगापूर्वी हवेत तो दहा लाखांत 280 भाग होता. आता 420 च्या वर गेला आहे. बाहेर जाण्याची वाट अरुंद झाली, म्हणून पृथ्वीचं सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत एक अंशाहून जास्त वाढलं. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण हवा एका अंशानं तापली की तिच्यात वाफेसाठी सुमारे 7 टक्के जास्त जागा होते, आणि हा लेख इथपर्यंत वाचला असेल तर त्या सात टक्क्यांचं वजन वेगळं सांगायला नको.

एखाद्या दिवसाचा पाऊस थेट तापमानवाढीच्या खात्यावर टाकता येत नाही. 2021 चाही नाही, आणि ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली त्या पावसाचाही नाही. पण समुद्रावरून येणाऱ्या प्रत्येक घनमीटर हवेत जास्त वाफ असेल, तर घाट चढताना ती जास्त पाणी टाकणार आणि जास्त उष्णता सोडणार, हे साधं भौतिकशास्त्र आहे. घाट उतरल्यावर तीच गोष्ट उलट्या बाजूनं लागू होते. तापलेल्या हवेतली रिकामी जागा वाढलेली असते आणि ती भरून काढायला हवा जमिनीतून, विहिरीतून, पाझर तलावातून आणि पिकाच्या पानांतून पाणी ओढते. त्यामुळे माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत पाऊस पूर्वीइतकाच पडला तरी ज्वारीच्या आणि डाळिंबाच्या रानाला पाण्याची पाळी पूर्वीपेक्षा लवकर द्यावी लागते.